जुन्या संगणकाला रॅम : अधिक की वेगवान?



ज्यांच्या घरी किंवा कचेरीत दहा-बारा वर्षांचा जुना संगणक अजून टिकून आहे, त्यांच्यापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. यंत्र मंदावलेले असते. नवे घेण्याची ऐपत नसते, किंवा चालते यंत्र भंगारात घालणे मनाला पटत नाही. दुकानदार म्हणतो, ‘रॅम बदलून पाहा.’ रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती. चालू काम जिच्यात मांडून ठेवलेले असते ती. ती विकत घेऊ लागले की तिची दोन मापे समोर येतात. एक, ती किती आहे. दुसरे, ती किती वेगाने चालते. खिशातला पैसा मात्र एकच असतो. तो कोणत्या मापावर खर्च करावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी या शास्त्रातला तज्ज्ञ नव्हे. बेळगावातील एका शाळेत मी शिकवतो आणि तेथील संगणकांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा अधिकार. परंतु या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा रोख पैसे मोजून विकत घेतलेले आहे, आणि ते पैसे माझे नव्हते, पालकांनी वर्गणी काढून दिलेले होते. म्हणून त्या चुकीची हकीकत आधी सांगतो.

आमच्या खोलीत 2012 साली घेतलेले बारा संगणक आहेत. इंटेलचा कोअर आय-थ्री 2120 हा प्रोसेसर, एच-61 जातीचा मदरबोर्ड, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅमची एकच पट्टी, असा त्यांचा सरंजाम. घेतले तेव्हा ते उत्तम होते. 2022पर्यंत त्यांची अवस्था अशी झाली की, चाळीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा-बारा मिनिटे मुले नुसती पडद्याकडे पाहत बसत. एखाद्या मुलाने ब्राउझरमध्ये चार पाने उघडली, शेजारी निबंधाचा मजकूर उघडला आणि भूमितीची आकृती काढायला घेतली, की हार्ड डिस्कची घरघर सुरू होई आणि माऊसचा बाण जागच्या जागी थिजून जाई. वर्षाच्या तासांचा हिशेब केला, तर मुलांच्या शिक्षणाचा चौथा हिस्सा वाट पाहण्यात जात होता. घरी संगणक नसलेली मुले आमच्याकडे बरीच आहेत. त्यांना तो चौथा हिस्सा दुसरीकडे कोठे मिळणार?

हाती आलेल्या पैशांतून मी आधी तीन यंत्रे सुधारून पाहायचे ठरवले. जुन्या पट्टीवर 1333 हा आकडा होता. दुकानात 1600 आकड्याची पट्टी होती. मोठा आकडा म्हणजे अधिक वेग, हे साहजिकच वाटले. 4 जीबीच्या जुन्या पट्ट्या काढून 4 जीबीच्याच नव्या, वेगवान पट्ट्या आम्ही बसवल्या. पदवीपर्यंत पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाने घड्याळ लावून पाहायला हवे, म्हणून तेही पाहिले. फरक शून्य. घरघर तीच, थिजलेला बाण तोच.

असे का झाले, हे समजण्यासाठी रॅमचे काम जरा जवळून पाहू. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका तपासायला बसलेला शिक्षक डोळ्यांपुढे आणा. त्याच्या टेबलावर जितके गठ्ठे मावतात तितके हाताशी असतात. उरलेले खालच्या मजल्यावरच्या कपाटात. टेबल म्हणजे रॅम, कपाट म्हणजे हार्ड डिस्क, आणि शिक्षक म्हणजे प्रोसेसर. टेबलावरची उत्तरपत्रिका उचलायला त्याला एक क्षण पुरतो. पण हवा असलेला गठ्ठा टेबलावर नसेल, तर हातातला एक गठ्ठा खाली नेऊन ठेवायचा आणि दुसरा वर आणायचा, अशी येरझार पडते. टेबल लहान आणि काम मोठे असेल, तर शिक्षकाचा दिवस तपासण्यात न जाता जिन्यातच जातो.

ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. टेबल पुरत नाही म्हणून कपाटाची मदत घेण्याची ही युक्ती संगणकशास्त्राने जाणूनबुजून योजलेली आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या, 1962 साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस या यंत्रात ती प्रथम दिसली. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा आपल्या देशात घडवलेला संगणक चालत होता; त्याची स्मृती 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने अवघी 10 किलोबाइट होती! आमच्या शाळेतल्या एका कंटाळलेल्या यंत्रातली पट्टी तिच्या चार लाखपट मोठी आहे आणि तरीही ती अपुरी पडते. युक्तीत एक धोका मात्र होता. कामाला एका वेळी खरोखर लागणारा ऐवज रॅमपेक्षा मोठा झाला, की यंत्र काम थांबवून नुसती ने-आण करीत राहते. अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 साली या रोगाची मीमांसा केली. रॅमची कमतरता ही हळूहळू वाढत जाणारी मंदी नसते. काही मर्यादेपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि मर्यादा ओलांडली की यंत्र एकाएकी कोसळते. आमची मुले चौथे पान उघडीत तोवर ठीक असे, हे त्याचेच लक्षण होते.

आता या येरझारीची किंमत किती, ते पाहू. रॅममधून एखादी गोष्ट प्रोसेसरच्या हाती यायला, सगळे मिळून, फार तर शंभर नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे फिरते. तिच्यावरची हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद जातात, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. एकूण बारा मिलिसेकंद धरू. ऐकायला दोन्ही वेळा क्षुल्लक वाटतात. पण रॅममधला शोध एका सेकंदाचा मानला, तर त्याच मापाने हार्ड डिस्कमधला शोध सव्वा लाख सेकंदांच्या आसपास, म्हणजे तेहतीस तासांचा होतो. रात्रीच्या बसने बेळगावहून मुंबई गाठावी, दिवसभर तेथली कामे उरकावी आणि पुन्हा रात्रीच्या बसने परत यावे, एवढा तो वेळ. टेबलावरची उत्तरपत्रिका उचलणे एकीकडे, आणि ती आणायला मुंबईची वारी दुसरीकडे.

आता वेगवान रॅम काय करते? पट्टीवरचा 1333 हा आकडा सांगतो की, ती सेकंदाला 133 कोटींहून अधिक वेळा माल पुढे ढकलू शकते. दर वेळी 8 बाइट. म्हणजे सेकंदाला सुमारे 10.6 जीबी. 1600ची पट्टी 12.8 जीबी देते. प्रवाह एक पंचमांशाने वाढला, हे खरे. परंतु नळातून पाणी किती जोराने येते हा एक प्रश्न, आणि तोटी फिरवल्यावर पहिला थेंब यायला किती वेळ लागतो हा दुसरा. हा दुसरा वेळ पट्टीवर ‘सीएल’ या अक्षरांपुढे लिहिलेला असतो, आणि तो सेकंदांत नसून घड्याळाच्या ठोक्यांत असतो. 1333च्या पट्टीला साधारणतः 9 ठोके लागतात, 1600च्या पट्टीला 11. ठोका जलद झाला, पण ठोके वाढले. गुणाकार करून पाहा : पहिलीचा विलंब 13.5 नॅनोसेकंद, दुसरीचा 13.75. पहिल्या थेंबापुरती महाग पट्टी केसभर मागेच! त्यानंतरच्या डीडीआर-4 पिढीतली 3200 आकड्याची, 22 ठोक्यांची नेहमीची पट्टी घेतली, तरी उत्तर पुन्हा 13.75च येते. इतक्या वर्षांत प्रवाह कितीतरी वाढला. पहिल्या थेंबाची वाट मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. त्यातून प्रोसेसरच्या पोटात स्वतःची लहानशी अतिवेगवान स्मृती असते (आमच्या यंत्रात ती 3 मेगाबाइटची आहे) आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टी तीच पुरवते. तेव्हा लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार, हिशेब या कामांत रॅमच्या आकड्यातला एवढा फरक माणसाला जाणवत नाही.

आमच्या बाबतीत तर याहून हास्यास्पद प्रकार घडला होता. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ पाहिले असता रॅमचा चालू वेग दिसतो. मी तो पाहिला, पण पैसे दिल्यावर. नवी पट्टी 1600ची, आणि वेग दिसत होता 1333. कारण उघड आहे, निदान आता मला ते उघड वाटते. रॅम कोणत्या वेगाने चालायची हे पट्टी ठरवीत नाही. प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरवतात. आय-थ्री 2120 या प्रोसेसरची रॅमची अधिकृत मर्यादा 1333चीच आहे. त्याच्या पुढच्या पिढीतला, 2012 साली आलेला 3220 हा प्रोसेसर 1600 घेतो. आमचा घेत नाही. घाटात बैलगाडीच्या मागे अडकलेल्या मोटारीसारखी आमची वेगवान पट्टी निमूटपणे चालत होती. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी वेगवान पट्टी मागितली, त्याने दिली.

पुढचा शहाणपणा माझा नव्हे. काढलेल्या तीन पट्ट्या मी कागदात गुंडाळून खणात ठेवत होतो. नववीतला एक मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘सर, त्या पट्ट्या चालतात ना?’

‘चालतात की. पण जुन्या आहेत.’

‘मग शेजारचा स्लॉट रिकामा का ठेवायचा?’

मी यंत्राचे झाकण पुन्हा उघडले. जुनी 4 जीबी आणि नवी 4 जीबी मिळून 8 जीबी झाली. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या की दोन्ही मंद पट्टीच्या चालीने चालतात. आमच्या यंत्रात नवीला तसेही 1333च्या पुढे जाता येत नव्हतेच, तेव्हा गमावण्यासारखे काही नव्हते. त्या दिवशी तेच चार पानांचे, निबंधाचे आणि भूमितीचे काम मुलांनी उघडले आणि घरघर ऐकू आली नाही. यंत्र सुरू व्हायला लागणारा वेळ मात्र होता तेवढाच राहिला, कारण पहिल्यांदा सगळे कपाटातूनच वर आणावे लागते. टेबल मोठे केल्याने ती पहिली खेप चुकत नाही. पण एकदा मांडामांड झाली की तासभर जिना चढावा लागत नाही.

या दुसऱ्या पट्टीने आणखी एक गोष्ट पदरात टाकली. या जातीचे मदरबोर्ड रॅमकडे दोन वाटांनी जातात. एकच पट्टी असेल तर एक वाट ओस पडते. दोन्ही वाटांवर समान मापाच्या पट्ट्या असतील तर दोन्ही एकदम वाहतात आणि प्रवाहाची मर्यादा दुप्पट होते. 1333 सोडून 1600 घेतल्याने, यंत्राने मानले असते तरी, प्रवाह पंचमांशानेच वाढला असता. जुनी पट्टी परत लावल्याने तो फुकटात दुप्पट झाला. म्हणून आपल्या यंत्रात एकच पट्टी आणि एक रिकामा स्लॉट असेल, तर ‘अधिक की वेगवान’ हा वादच उरत नाही. आहे तशीच दुसरी पट्टी आणावी.

तथापि अधिक म्हणजे कितीही अधिक, असा याचा अर्थ नव्हे. टेबलावर सगळे गठ्ठे मावल्यानंतर टेबल आणखी मोठे केले, तर त्यावर धूळच बसते. आपल्याला किती लागते हे त्याच टास्क मॅनेजरमध्ये कळते. नेहमीचे सगळे काम उघडून ठेवावे आणि ‘कमिटेड’ या शब्दाखालचा पहिला आकडा पाहावा. तो बसवलेल्या रॅमच्या पुढे गेला असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख शंभराला टेकलेला असेल, तर रॅम कमी आहे. रॅम नुसती भरलेली दिसते म्हणून मात्र घाबरू नये. रिकामी राहिलेली जागा यंत्र पुढे लागतील अशा गोष्टी हाताशी ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच मोकळी करून देते. पत्रे, हिशेब, ब्राउझरची दहा-बारा पाने एवढ्या कामाला जुन्या यंत्रात 8 जीबी पुरते, असा माझा अनुभव. अशा माणसाला 16 जीबी विकणारा दुकानदार आणि 1600 मागणारा मी, दोघेही एकाच माळेचे मणी.

वेगाला कधीच महत्त्व नसते, असेही मला म्हणायचे नाही. ज्या यंत्रात चित्रे रंगवण्याचे स्वतंत्र कार्ड नसते, तेथे पडद्यावरच्या चित्रांचा सारा भार रॅमच्याच प्रवाहावर पडतो. त्यावर खेळ खेळणाऱ्यांना प्रवाहातली वाढ डोळ्यांना दिसते. 2018 साली आलेला एएमडीचा रायझन-थ्री 2200-जी हा असाच प्रोसेसर. शिवाय 2017च्या पहिल्या रायझनपासून प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारा मार्गही रॅमच्या ठोक्यावर चाले, त्यामुळे तेथे मंद रॅम सगळ्या यंत्रालाच मागे ओढी. असे यंत्र असेल आणि गरजेपुरती रॅम आधीच असेल, तर वेगवान जोडी घेणे योग्य. मुदलात गरजेपुरती असेल तर, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो.

खरेदीला जाताना काही खाचखळगे ध्यानात ठेवावेत. यंत्रातली विंडोज 32 बिटांची असेल, तर 4 जीबीच्या वर कितीही रॅम घातली तरी नेहमीच्या विंडोजला ती वापरता येत नाही; अशा वेळी आधी 64 बिटांची प्रणाली घालावी लागते. डीडीआर-3 आणि डीडीआर-4 या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि काही लॅपटॉपना 1.5 व्होल्टऐवजी 1.35 व्होल्टवर चालणारी डीडीआर-3-एल हीच पट्टी लागते. काहींत रॅम बोर्डावर झाळूनच टाकलेली असते. तेथे हात जोडावे. 4 जीबीच्या काही फार स्वस्त पट्ट्या केवळ एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलच्या यंत्राला त्या ओळखूच येत नाहीत. म्हणून जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि न चालल्यास परत घेण्याचा शब्द दुकानदाराकडून घ्यावा. 2025च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रागारांनी रॅमची मागणी इतकी वाढवली की बाजारातल्या किमती भडकल्या. त्यामुळे वापरलेली पण तपासलेली पट्टी घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

एवढे केल्यावर पैसे उरलेच, तर ते आणखी रॅमवर किंवा तिच्या वेगावर न घालता हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्यात घालावेत. एसएसडीला फिरणारी तबकडी नसते. तिचा शोध सुमारे एक दशांश मिलिसेकंदात होतो. मघाच्या मापाने सांगायचे, तर तेहतीस तासांची मुंबईची वारी सतरा मिनिटांवर येते. यंत्र सुरू होण्याची ती कंटाळवाणी पहिली खेप हिच्यामुळेच लहान होते. मात्र एका आशेवर खर्च करू नये. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि आमच्यासारख्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांना विंडोज 11ने अधिकृतपणे स्वीकारलेले नाही; रॅम कितीही वाढवली तरी त्यात बदल होत नाही. आमची यंत्रे आता लिनक्स मिंटवर चालतात. तिला किमान 2 जीबी लागते आणि 4 जीबी असावी अशी शिफारस आहे. 8 जीबीत ती ऐसपैस बसते.

त्या पहिल्या तीन यंत्रांनंतर उरलेल्या नऊ यंत्रांसाठी आम्ही 1333च्याच, 4 जीबीच्या, वापरलेल्या पट्ट्या आणल्या. वापरलेली रॅम बसवून लगेच कामाला लावू नये. मेमटेस्ट नावाचा एक मोफत कार्यक्रम आहे, तो रात्रभर चालवून तिची परीक्षा घ्यावी. आम्ही शनिवारी संध्याकाळी नऊही यंत्रे परीक्षेला लावली आणि शिपाईमामांना वीज बंद न करण्याविषयी दोनदा बजावले. रविवारी दुपारी जाऊन पाहिले, तर आठ पडदे स्वच्छ होते आणि नवव्यावर तांबड्या ओळींची रांग लागली होती. ती पट्टी सोमवारी दुकानदाराने बदलून दिली.